बोटभर

एटेल्काबाईंनी पाना माझ्या हातात दिला.
"उघडा. चित्र तुम्हीच काढलंय ना?"

पहाटेचे साडेचार. बाहेर उणे अकरा,
तिसा नदी काठाकाठाने गोठलेली,
स्नानगृहाच्या तळघरात मात्र
लोखंडालाही घाम फुटलेला.
झाकणाला आठ नट. सहावा अडतो,
हे त्यांना ठाऊक होतं.
कागदावर तो कधी अडला नव्हता.
कागदावर पाण्याला वासही नव्हता:
गंधकाचा, क्लोरीनचा,
आणि त्या दोन्हींच्या खाली माणसांचा.

सात वाजता वर बायका येतील,
लोकरीच्या टोप्या घालून
छातीभर गरम पाण्यात उभ्या राहतील,
कोणाच्या घरी डुक्कर कधी कापायचं
यावर वाद घालतील.
त्यांच्या पायांखाली, दोन जिने उतरून,
मी एका कार्ट्रिजच्या दीडशे घड्या
फवाऱ्याखाली धरून एकेक फाकवत होतो.
तपकिरी गाळ. केस. चिकटपट्टी.
केस. केस.
एक कानातलं.
बाईंनी ते लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकलं.
बरणीत आधीची अकरा होती,
एकालाही जोडीदार नाही.

दीडशे घड्या हा माझा अभिमान.
जितक्या घड्या तितकं क्षेत्रफळ,
जितकं क्षेत्रफळ तितकं पाणी नितळ.
कंपनीच्या माहितीपत्रकावर
हे वाक्य माझंच आहे.
पण घडीत बोट जाईना.

बाईंनी ॲप्रनच्या खिशातून विणायची सुई काढली,
टोक घासून बोथट झालेलं.
"एकोणीस वर्षांत ही तिसरी," म्हणाल्या.
तक्रारीचा सूर नव्हता,
घराची किल्ली दाखवावी तशी दाखवली.
त्यांचा उजवा अंगठा वाकत नाही.
डॉक्टर म्हणतात, वय झालं.
मी सहाव्या नटाकडे पाहत राहिलो.

सेगेदला परतल्यावर
मी माझा अंगठा तळहाताला पट्टीने बांधला,
हाताला साबण लावला, दिवा मालवला
आणि माझंच झाकण उघडायला बसलो.
पलीकडच्या टेबलावरचा केलेमेन हसला.
मग त्यानेही बांधला.
दोन अभियंते, दोन अंगठे कमी,
रात्री साडेदहापर्यंत शिव्या देत.

आठाचे चार झाले, चाराचे दोन,
शेवटी म्हटलं, नट हवेतच कशाला?
लाटण्याएवढी जाड मूठ,
पाव फेरा, आणि टक् असा आवाज,
अंधारात डोळ्यांचं काम कान करतात म्हणून.
घड्या दीडशेच्या चौसष्ट.
दोन घड्यांमधलं अंतर: बोटभर.
तसंच लिहिलं होतं मी.
कारखान्यातून फोन आला,
"बोट कोणाचं?"

पाल्फी साहेबांनी आकडे पाहिले,
चष्मा काढला, पुन्हा घातला.
"निम्म्याहून जास्त क्षेत्रफळ गेलं, बेर्तालान.
दुप्पट वेळा धुवावा लागेल."
"हो. पण चाळीस मिनिटांऐवजी
दर खेपेला सहा."
ते खिडकीबाहेर बघत राहिले.
त्यांना हात धुताना मी पाहिलंय,
साबणाची बाटलीसुद्धा कोपराने दाबतात.
"एक नमुना बनवा," म्हणाले. "एकच."

फेब्रुवारीत बाईंनी तो डाव्या हाताने उघडला.
टक्.
वर पाहिलं नाही, वाहवा केली नाही.
घड्यांतून बोट फिरवलं, तळाशी नेलं,
थांबवलं, पुन्हा फिरवलं.
मी विचारलं, "आता सुईचं काय?"
"मोजा अर्धा पडलाय, तोही ऑगस्टपासून."

मग वाकून त्यांनी टॉर्च आत धरला.
"इथे बघा. तळाचा कोपरा काटकोनात आहे.
गाळ इथेच बसणार. इथे गोलाई द्या."

वरून नळांतून हसण्याचा आवाज उतरत होता,
डुकराचा निकाल लागला असावा.
कागद ओला झाला होता.
मी मनगटावर पेनाने एक वळण काढलं.
बाई म्हणाल्या, "आणखी थोडं."