थांबलेली कामं

नवतपा. कूलरची खस सकाळीच वाळते.
लॅपटॉप मांडीवर घ्यावा तर चटका,
आणि एक अक्षर दाबलं
की ते विचार करकरून उमटतं.

बर्डीवरचा दुकानदार म्हणाला, रॅम वाढवा, अडीच हजार.
निखिलेशने आधी टास्क मॅनेजर उघडला.
"मामी, रॅम कमी नाही बा,
आतल्या आत कोणतरी खाऊन राहिलं."

मेमरी ब्याण्णव टक्के.
ब्राउजर बंद केला. ऐंशी.
अँटीव्हायरस दोन निघाले, एकमेकांवरच पहारा देत;
एक काढला. तरी पंखा घरघरतच.

मग सापडली
प्रिंटरची रांग.
कोर्टासमोरचं आमचं टायपिंगचं दुकान उठून
तीन वर्षं झाली, प्रिंटर कामठीला विकला,
आणि हा अजून
दर मिनिटाला त्याला हाका मारतोय.

एकशे चौदा कामं.
भाडेकरार, हमीपत्रं, नावात बदल, पुन्हा भाडेकरार,
आणि पुष्पकला गजभियेचा पोटगीचा अर्ज, दोन पानी.
लाइट गेली होती त्या दुपारी.
"जेवून येते" म्हणाली होती.

सगळं एकदम उडवू का, निखिलेशने विचारलं.
म्हटलं, थांब.
एकेक नाव वाचलं, मग रद्द केलं.
तो चहा पिऊन आला, कंटाळून घरी गेला.

चौतीस टक्के.
पंखा थांबला तेव्हा ऐकू आलं,
कूलरचा पंप कोरडाच फिरत होता,
कधीपासून, कोण जाणे.

पुष्पकलाची दोन पानं
पेनड्राइव्हवर घेतली आहेत.
जागा अशी काही फार लागली नाही.