शब्द टाकणं

आमच्या स्टेशनात गाडी येत नाही.
मी लहान होते तेव्हाही येत नव्हती.
इंजिनाच्या धुराड्यातून अंजिराचं झाड वर आलंय
आणि त्याची अंजिरं, खरं सांगते,
बेका खोऱ्यात कुठे मिळणार नाहीत इतकी गोड.

आम्ही नऊजण इथे नोकरीला आहोत.
मी तिकीट तपासनीस.
तानियोस सिग्नल सांभाळतो,
सिग्नल त्याच्या लग्नाआधीच भंगारात गेला.
हजेरीचं पुस्तक मात्र दर जानेवारीत नवं येतं
बैरूतहून, कापडी बांधणीचं.

नोकरी कशी लागली विचाराल तर,
वडिलांनी शाकिब बेंच्या दिवाणखान्यात
बोटांवर मतं मोजून दाखवली.
घरातली सात.
आत्याचं एक, ती साव पाउलोला,
येण्याजाण्याचं विमान बेंनी करायचं.
आजोबांचं एक. ते वारले होते,
पण यादीत होते.
"नऊ," बे म्हणाले, आणि कॉफीचा कप बशीत उपडा घातला.
एवढीच माझी मुलाखत.
मी बाहेर मोटारीत बसले होते,
मांडीवर संत्र्यांची पेटी, ती आत न्यायची राहूनच गेली.

परीक्षाही झाली होती तशी.
शंभरापैकी मला एकतीस.
पहिला वजीह, सुतारआळीतला, ब्याण्णव.
यादी कचेरीच्या भिंतीवर तीन दिवस होती.
चौथ्या दिवशी भिंत रंगवली.

वजीहनं मग दमास्कसच्या रस्त्यावर कॉफीची गाडी लावली.
कामावर जाताना मी त्याच्याकडेच थांबायचे.
का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.
तो पैसे घ्यायचा, सुटे मोजून परत द्यायचा.
तीस वर्षांत एकदाच म्हणाला,
"आज गाडीला उशीर वाटतं?"
मी हसले.
तो हसला नाही.

आता पगारात अंड्यांचे दोन ट्रे येतात,
लिराच तेवढा उरलाय.
तरी राजीनामा कुणी देत नाही.
खुर्ची सोडली तर बेंच्या घराण्याचा अपमान,
शिवाय खुर्ची रिकामी झाली
तर लोकांना कळायचं
ती आधीपासून रिकामीच होती.

काल वजीह आला. स्टेशनात, पहिल्यांदा.
अंगावर लग्नातला कोट, खांद्यांना सैल झालेला,
हातात फडक्यानं झाकलेली थाळी.
रुळांवरून चालत आला, खाली बघत,
एकेक फळी मोजल्यासारखा.
मुलगी नर्स झालीय. सौसन.
सरकारी इस्पितळात जागा निघालीय.
"परीक्षेत पहिली आली," तो म्हणाला
आणि थांबला.
ते वाक्य पुढे कुठे जातं
ते आम्हा दोघांनाही पाठ होतं.

"थोरले बे गेले. पण धाकट्यांकडे
तुमच्या शब्दाला वजन आहे.
एक शब्द टाका."

माझ्या शब्दाला वजन!
अहो, मी स्वतःच कुणीतरी टाकलेला शब्द,
पडले तिथेच पडून आहे,
वर गवत आलंय.

हे म्हणायचं होतं.
क्षमा मागायची होती, तीही राहून गेली, त्या संत्र्यांसारखी.
बाकावर त्याला जागा करून दिली,
तानियोसला म्हटलं, पाणी आण.
आणि माझा हात आपोआप वर आला,
अंगठा पहिल्या पेरावर,
आवाज वडिलांचा, हुबेहूब:
"तुमच्या घरात मतं किती?"

त्यानं जरासुद्धा वेळ घेतला नाही.
"पाच," म्हणाला. "आणि आई.
आई गेली, पण
नाव अजून आहे."

तो गेल्यावर फडकं उचललं.
अंजिरं होती.
आमच्याच इंजिनावरची,
देठांचा चीक अजून ओला.