टपालाची वाट

वीवे म्हणते, चाकात हवा थोडी कमीच ठेव,
खडीशी भांडायचं नसतं.
आणि निघते पुढे, सत्तरीची.
करकरतात ते गुडघे की चेन, कळत नाही.

व्होरूकडच्या या टेकड्या काही उंच नाहीत,
पण एक संपली म्हणेस्तोवर दुसरी हजर.
ओटचं शेत, बर्चचं रान, परत ओट,
विजेच्या खांबावर करकोच्याचं घरटं.

ही वाट माझ्या फोनच्या नकाशात नाही.
एकोणतीस वर्षं तिनं इथून टपाल नेलं,
पेन्शनची पाकिटं, बियाण्यांचे कॅटलॉग,
आणि तुरुंगातून आलेलं एक पत्र,
त्याबद्दल ती अजून बोलत नाही.
घरं तिला आठवतात कुत्र्यांवरून:
इथला चावरा, तिथली बहिरी,
वळणावरचा नुसताच शेपूट हलवायचा.

रानात सावली एकदम गार.
सुट्या खडीवर माझं मागचं चाक घसरतं,
मी शिवी हासडतो, ती खुदकन हसते.

मग भर उतारावर तीच ब्रेक दाबते.
गवतात बुडालेली पत्रपेटी.
घर नाही, सफरचंदाचं झाड तेवढं.
ती झाकण उचलते, वाकून बघते.
गोगलगाय.

"आज काही नाही," पेटीलाच सांगते,
झाकण हळूच लावते.

पुढे चढ आहे.