तीन मिनिटं

त्या मंगळवारी हे जेवले नाहीत.
आमच्यात दिवस मावळायच्या आत ताटं उचलतात.
सूर्य गेला, भाकरी वातड झाली,
आणि हे आतल्या खोलीत, दिवा न लावता,
सन्मतीनं ठेवून गेलेल्या कॉम्प्युटरसमोर.
"पोट बरं नाही," म्हणाले.

आठ दिवस पोट बरं नव्हतं.
चौकातला चहा बंद.
पासबुक गादीखाली.
पडद्यावर जुना पंचा टाकलेला,
पिंजऱ्यावर टाकतात तसा.

परवा दुपारी फोन वाजला. घरातला, तारेचा.
तो मीच उचलते, सवय आहे.
सव्वीस वर्षं मिरजेच्या एक्स्चेंजला होते,
कानाला हेडफोन, समोर दोऱ्या आणि भोकं,
ऑपरेटर नंबर सतरा.
ऐकायचं नाही, असा नियम.
ऐकू यायचंच.
कुणाचं बारसं, कुणाचं प्रेत गाडीत घातलंय,
हळदीचा भाव, घरी न सांगितलेलं लग्न.
तेव्हापासून एक कळतं:
खरं बोलणाऱ्याला मध्येच दम लागतो,
खोटं बोलणारा आधीच भरून घेतो.

ह्या पोरानं आधी भरून घेतला.
मग हिंदीत, कागदावरून वाचल्यासारखा:
विंडोज डिपार्टमेंट. भूपालजी मगदूम आहेत का.
गेल्या मंगळवारचे पैसे परत करायचेत,
फक्त कॉम्प्युटर चालू करा आणि एक नंबर सांगा.

गेला मंगळवार.
मी दाराकडं बघितलं. हे दारातच उभे.
तोंडावर मंगळवार तसाच.

पोरगा बोलत राहिला.
मी त्याच्या मागचं ऐकत राहिले.
एक पंखा, पातं कुठंतरी घासणारा.
पंधरा-वीस गळे, तेच वाक्य,
कुणी दोन शब्द पुढं, कुणी मागं,
मास्तर बाहेर गेल्यावर पाढे म्हणणारा वर्ग.
कुणीतरी खोकलं. कुणीतरी टेबलावर हात आपटला,
आणि ह्याचा आवाज एकदम गोड झाला.

शिव्या तोंडाशी आल्या होत्या. सांगलीच्या, अस्सल.
पण जिभेवर भलतंच आलं,
कितीतरी वर्षांत न उच्चारलेलं, त्याच सुरात:
"तीन मिनिटं झाली. वाढवायची?"

तो थांबला.
पंखा घासत राहिला.
मग दोरी उपटावी तशी लाइन गेली.

हे खुर्चीत बसले. आपणच बोलले.
पडद्यावर लाल पाटी आली, भोंगा वाजायला लागला,
खाली नंबर होता, तो लावला.
"मी माउसला हात लावला नव्हता गं.
बाण आपापला फिरत होता. मी बघत होतो."
साखर कारखान्याच्या काट्यावर जन्म काढलेला माणूस,
उसाच्या गाडीत किलोची चूक नाही.
आकडा त्यांनी खालच्या आवाजात सांगितला,
पावती फाडताना सांगायचे तसा:
"अडतीस हजार चारशे."

आयर्विन पुलाला पाणी किती फुटावर आलंय
हे इथलं शेंबडं पोरही सांगतं.
रिक्षा फिरते, भोंगा ओरडतो,
गहू माळ्यावर चढतो, म्हैस टेकाडावर जाते.
ह्या पाण्याला भोंगा होता,
पण तो पाण्यानंच वाजवला.
आणि ओसरल्यावर भिंतीवर रेघसुद्धा नाही,
कुणाला दाखवायची म्हटलं तर.

"बांधणीची वजावट धरायचात ना मोळीमागं?" मी म्हटलं.
हसले नाहीत. पण पासबुक गादीखालून आणलं.
एक नऊ तीन शून्य मी लावला.
पलीकडची मुलगी तारीख, वेळ, रक्कम विचारत गेली,
मध्येच तिला दम लागला.
बरं वाटलं.
पैसे येतील का, ते तिनं सांगितलं नाही.

सूर्य असताना जेवलो.
ताटं घासतेय तोवर फोन. ह्यांनी उचलला, मुद्दाम.
"बाबा, मी सन्मती."
"कशावरून?"
"म्हणजे?"
"तुझ्या शाळेत घंटा कोण द्यायचं?"
पलीकडं पुण्याची रहदारी, हॉर्न,
एक हसू, अर्ध्यात अडकलेलं.
मग बराच वेळ काही नाही.
मग: "हुसेनमामा."
"हां," हे म्हणाले. "बोल."