पोदेराची पाठ

बांबोळीच्या ओपीडीत खुर्ची तिरकी ओढून बसला
कास्मिरो, नेवऱ्याचा पोदेर, वय बावन्न.
मान वळत नाही, म्हणून सगळं अंग वळवून
त्यानं माझ्याकडे बघितलं.

मी ठरलेले प्रश्न विचारले.
मध्यरात्रीनंतर दुखून जाग येते?
"दोनाक उठतांच, दोतोर. भट्टी कोण पेटवणार?"
सकाळी पाठ किती वेळ आखडलेली असते?
"कुठली सकाळ?
तुमची होते तेव्हा माझे उंडे
लोकांच्या चहात बुडालेले असतात."
कामानं बरं वाटतं, की विश्रांतीनं?
विश्रांती या शब्दाकडे त्यानं
उधारी मागणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं.

आमचे प्रश्न रात्री झोपणाऱ्यांसाठी आहेत.

एक्स-रे उजेडावर लावला.
छातीच्या मणक्यांवर, उजव्या अंगाला, हाड ओघळलेलं,
इथल्या खुरसापाशी मेणबत्त्या ओघळतात तसं,
जाड, सावकाश, एका मणक्यावरून दुसऱ्यावर.
डावीकडे काहीच नाही.
तिथं मोठी धमनी धडधडत असते;
हलत्या भिंतीवर मेण धरत नाही.
वय, साखर, सुटलेलं पोट:
याला आम्ही डिश म्हणतो.
"जेवणाची?" तो हसला.
हसला, पण छाती फुगली नाही.
टेप लावून मोजली. दोन सेंटिमीटर.

नाहीतर मी तिथंच थांबले असते.
बाहेर चाळीस जण होते, आणि मेण इतकं स्पष्ट.

खाली, कमरेचे दोन सांधे.
कडा कुरतडलेल्या, उंदरानं शिळा पाव कुरतडावा तशा.
की वयाची झीज? की फिल्मच पुसट?
चष्मा पुसला. पुसटच.

मग सुचलं ते पुस्तकात नव्हतं.
भट्टी कधी बंद असते, कास्मिरो?

तो बराच वेळ बोटं मोजत राहिला.
"गुड फ्रायडेला. वर्षाचा तेवढा एक दिवस.
त्या रात्री मला झोपायचंच असतं,
आणि तीनला पाठ उठवते.
अंगणात फेऱ्या मारल्या की सोडते."
कधीपासून?
"पाय मेलो तेव्हापासून. एकविशीत होतो.
मला वाटायचं, सवय."

कागदावर दोन आजारांच्या मध्ये
मी 'किंवा' लिहिलं होतं.
ते खोडून 'आणि' लिहिलं.
शाई जरा फुटली.

रक्त द्यायला कुठं जायचं ते सांगितलं.
तो उठला, सगळं अंग वळवून
दार शोधलं,
आणि विचारलं, वेळ लागेल का;
पीठ मळायचं राहिलंय.