बारांतले चार

शाळेची बस उभी करून आले, हात धुतले,
टेबलावरचं मेणकापड पुसलं
आणि बारा बाण ओळीनं मांडले.
बाहेर लेमहायच्या खोऱ्यात गवत कापून पडलंय,
डोंगरावर अजून वणव्याचा धूर.
एल्कच्या मोसमाला नऊ दिवस.

पहिला बाण कानाशी धरून हलकेच वाकवते.
कार्बनची नळी बोलत नाही, तेच हवं असतं.
दुसरा बारीक करकरला. तो बाजूला.
तसला बाण सुटतानाच फुटतो
आणि त्याची काळी कुसळं मनगटात शिरतात.

तिसरा नखावर फिरवते, भोवऱ्यासारखा.
पातं थरथरलं. म्हणजे कुठंतरी वाकडं आहे,
डोळ्यांना दिसत नाही इतकं.
वीस पावलांवर ते खपून जातं.
चाळीसवर नाही.

मग वजन. हा काटा वडलांचा,
काडतुसांची दारू मोजायचा.
आता त्यावर बाण आडवा पडतो
आणि दांडी बराच वेळ डुलत राहते.

गेल्या वर्षी मी हलके घेतले होते.
दुकानातला पोरगा म्हणाला, हलका बाण सपाट जातो,
अंतर चुकलं तरी सांभाळून घेतो.
त्या वर्षी मला कुणीतरी सांभाळून घ्यायला हवंच होतं.

बत्तीस पावलं. नर आडवा उभा,
शीळ घालून दमलेला, पोटाला चिखल.
बाण लागला तेव्हा आवाज आला,
दारावर कुणी एकदाच थाप मारावी तसा.
हाडाचा. फुप्फुसाचा असा नसतो.
दोन दिवस शोधलं. रक्ताचे चार थेंब,
पुढं जुनिपरच्या फांदीवर एक, मग काही नाही.
तिसऱ्या दिवशी बस चालवायची होती.

सुटलेला बाण परत येत नाही म्हणतात.
माझा आला.
नोव्हेंबरात डेल्मर ओटलीनं बंदुकीनं एक नर पाडला,
सोलताना फऱ्यात त्याची सुरी अडखळली.
हाड पात्याभोवती वाढलेलं,
झाडानं कुंपणाची तार गिळावी तसं.
कॉफीच्या डब्यात घालून घेऊन आला,
टोपी हातात, पायपुसण्यावरच उभा.
काठी नव्हती, पिसं नव्हती,
पण पात्यावर मी कोरलेलं अक्षर होतं.
मी विचारलं, लंगडत होता का?
तो माझ्या खिडकीतून बाहेर बघत राहिला.
थोडा, म्हणाला.

तो 'थोडा' किती ग्रेनचा
ते या काट्यावर कळत नाही.

या वर्षी बाण जड. टोकाशी पितळ भरलंय,
पाती जाड, दोनच धारांची,
स्वयंपाकघरातल्या सुरीइतकी साधी.
माझी कमान बावन्न पौंडांची, खांद्याला तेवढीच झेपते,
म्हणून काठीही तिला मानवेल अशी निवडायची.
फार ताठ असली तर ती कुणाचंच ऐकत नाही,
फार लवचीक असली तर वाऱ्याचंसुद्धा ऐकते.
धार हातावर घासून बघते.
ऑगस्टात माझ्या डाव्या हातावर लव उरत नाही.
बसमधली ऑर्ला रोज विचारते,
हात असा का? मी म्हणते,
तुझा पट्टा लाव आधी.

जड बाण लवकर खाली येतो.
म्हणजे मला जवळ जावं लागेल.
वीस पावलं, नाहीतर अठरा.
त्याच्या नाकपुड्यांतली वाफ दिसेल इतकं,
आणि तिथवर पोचून कदाचित
कमान न ओढताच परत फिरावं लागेल.
हे दुकानातल्या पोरानं सांगितलं नव्हतं.
त्याला माहीत नसेल.

दहा वाजले. बारांतले चार उरले.
भाता पाचांचा आहे. राहू दे.
बाद झालेले आठ उद्या बागेत,
टोमॅटोच्या रोपांना आधाराला.

डेल्मरचा डबा खिडकीत आहे.
उघडत नाही मी.
भांडी विसळताना कधी कधी उचलते,
हलवून बघते.
वाजतं आत.