चार मिलिमीटर

एजन्सीत कॉफी फुकट असते.
ती संपायच्या आत कागद आला :
पुढचे पॅड, मागची सफाई, डिस्क घासणे, ब्रेकचं तेल,
मिळून चौसष्ट रियाल.
रेनाटोने आकड्याभोवती पेनाने गोल काढला,
मग त्या गोलाभोवती आणखी एक,
आणि हळू आवाजात म्हणाला, ब्रेक आहेत सर,
फॅमिली असते ना गाडीत?

असते.
अठरा वर्षं झाली मस्कतला येऊन,
अजून रियाल दिसला की मी गुणतो,
दोनशे अठराने, हातचे धरून.
तेरा हजार नऊशे बावन्न.
मी म्हणालो, विचार करून सांगतो.
ब्रेकमध्ये विचार कसला, असं तो म्हणाला नाही.
पेनाला टोपण लावलं फक्त.

आम्ही राहतो अमेरातला, भाडं कमी म्हणून.
बौशरहून डोंगर चढायचा आणि पलीकडे उतरायचा,
उतारावर पाटी : खालच्या गियरमध्ये चला.
बाजूला वाळूचा चढ करून ठेवलेला,
ज्यांचे ब्रेक जातात त्यांच्यासाठी.
वसुधा तो चढ आला की बोलणं थांबवते
आणि उजवा पाय दाबते, जिथे तिच्याकडे पेडलच नाही.
माझा बेत असा की
तिच्या त्या पायाची किंमत
चौसष्टहून कमी पडावी.

शुक्रवारी दुपारी वादी कबीर.
सत्तेचाळीस डिग्री, पत्र्याखाली पंखा गरम हवा ढवळतोय.
कुंजुमोनने चाक काढून माझ्या पायाशी आडवं ठेवलं,
जसा मासेवाला कल्ले उघडून दाखवतो
तसा कॅलिपर उघडून म्हणाला, बघा.
मी क्वांटिटी सर्व्हेअर. खिशात स्टीलची पट्टी असते.
बसलो उकिडवा, लावली.
चार मिलिमीटर.
आतल्या बाजूला केसभर कमी.

"पाच हजार किलोमीटर आरामात," तो म्हणाला.
"मग या. आत्ता बदलले तर चांगला माल फेकायचा."
धूळ झटकली, पिनांना ग्रीस लावलं, चाक चढवलं.
किती?
काही नाही.

इथे मी अडखळलो.
चौसष्ट म्हणणाऱ्यावर संशय घेता येतो,
काही नाही म्हणणाऱ्यावर काय घ्यायचं?
रेनाटोला दर विक्रीवर काही मिळत असेल.
कुंजुमोनला बदलण्यात मिळालं असतं, न बदलण्यात काय?
का उन्हाने कंटाळा आला असेल त्याला?
का चार मिलिमीटर हे दोघांनाही खरंच वाटतं,
एकाला थोडं, एकाला पुष्कळ?
बळेच दोन रियाल दिले. चहाचे म्हणून घेतले त्याने
आणि पावती मागितली तेव्हा हसला.

घरी वसुधाने विचारलं, किती लागले?
दोन म्हणालो असतो तर तिला झोप आली नसती.
चौसष्ट म्हणालो असतो तर मला.
"वीस."
"बरं झालं," ती म्हणाली, आणि भाजी ढवळायला वळली.
उरलेले अठरा
मुल्कियाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवले,
गाडीच्या खणात, विम्याच्या कागदामागे.
पाच हजार किलोमीटरांची उधारी. कुणाची, ते नीट सांगता येत नाही.

काल रात्री डोंगर उतरलो.
दुसरा गियर, समोर अमेरातचे दिवे सांडलेले,
ईरा मागे झोपलेली, मान खिडकीला.
पहिल्या वळणाला वसुधाचा पाय मोकळा होता.
दुसऱ्यालाही. बहिणीच्या फोनबद्दल काही सांगत होती.
वाळूचा चढ आला तसं वाक्य अर्ध्यावर राहिलं
आणि पाय दाबला गेला.
गाडी हळू झाली. मीच केली, अर्थात.

आज सकाळी गाडी झाडताना पाहिलं,
तिच्या बाजूची रबरी चटई टाचेपाशी झिजलीय,
खालचा पत्रा दिसायला लागलाय.
पट्टी खिशात होती.
लावली नाही.
एक लाख बारा हजार सहाशे चाळीस,
एवढं लिहून घेतलं पाकिटावर, पेन्सिलने.